आयरिश समुद्र ते नॉर्थ सी: इंग्लंड पायी ओलांडायचं नियोजन

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सेंट बीज नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या पुळणीवर जाऊन आयरिश समुद्रात बूट भिजवायचे आणि चालायला लागायचं. दोन-अडीच आठवड्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या रॉबिन हूड्स बे या गावी पोचायचं आणि तेच बूट नॉर्थ सीमध्ये भिजवायचे. मधलं अंतर साधारण ३०५ किलोमीटर. या वाटेला ‘कोस्ट टू कोस्ट’ म्हणतात. केंडलच्या नगरपालिकेत खजिनदार म्हणून नोकरी केलेल्या आल्फ्रेड वेनराइट यांनी ती आखली आणि १९७३ मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. २०२२ मध्ये सरकारने या वाटेला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा देण्याचं जाहीर केलं.

इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या वाटा पुष्कळ आहेत. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हीच सुचवते, कारण इतकी वेगवेगळी भूमी एका दमात दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर आणि तळी, मग चुनखडीचे उजाड माळ, यॉर्कशायर डेल्समधली नदीकाठची कुरणं, मधली सपाट शेतं, नॉर्थ यॉर्क मूर्सचे हेदर नावाच्या बुटक्या झुडपाने झाकलेले पठार आणि शेवटी समुद्रावरचे कडे. तीन राष्ट्रीय उद्यानं एका वाटेवर.

आम्ही दोघी मैत्रिणी पुण्याच्या, वीसेक वर्षं सह्याद्रीत हिंडलेल्या. जून महिन्यात सतरा दिवसांत आम्ही ही वाट केली. परत आल्यापासून खूप जण विचारतात की सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे: नकाशापासून नाही, बुटांपासूनही नाही, रात्री झोपायच्या जागेपासून. बाकी सगळं त्यामागून येतं.

दिवसांचा हिशेब

वेनराइट यांनी ही वाट बारा टप्प्यांत मांडली होती. ते टप्पे वाचून आपल्याकडचा सराईत ट्रेकर म्हणतो, रोज २५ किलोमीटर ना, होईल की. एक दिवस होतंच. हरिश्चंद्रगड एका दिवसात करून आलेल्या माणसाला २५ किलोमीटरचं काय वाटणार? पण आपला ट्रेक रविवारी संध्याकाळी संपतो आणि सोमवारी आपण खुर्चीत बसलेलो असतो. इथे सोमवारी पुन्हा २५, मंगळवारी पुन्हा २०. पाचव्या दिवशी गुडघा बोलायला लागतो, आणि तो बोलायला लागला की उरलेल्या वाटेवर आजूबाजूला काय आहे ते दिसत नाही.

म्हणून सोळा दिवस चालायचे आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा धरा. आमची विभागणी अशी होती: सेंट बीज ते एनरडेल ब्रिज २३ किलोमीटर, तिथून बॉरोडेल खोऱ्यातलं रॉस्थवेट २४, ग्रासमियर १४, पॅटरडेल १४, शॅप २५, ऑर्टन १३, कर्कबी स्टीवन २०. इथे एक दिवस मुक्काम. पुढे केल्ड १९, रीथ १८, रिचमंड १७, डॅनबी विस्क २२, इंगलबी क्रॉस १५, क्ले बँक टॉप २०, ब्लेकी १४, ग्रॉसमॉन्ट २१ आणि रॉबिन हूड्स बे २५. प्रवासाचे दिवस मिळवून तीन आठवड्यांची रजा लागते. तेवढी नसेल तर सगळी वाट धावत करण्यापेक्षा सेंट बीज ते कर्कबी स्टीवन एवढाच भाग आठ दिवसांत करावा. कर्कबी स्टीवनला रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे तिथे थांबणं सोयीचं. स्टेशन गावापासून दोनेक किलोमीटर बाहेर आहे, एवढं ध्यानात ठेवा.

१४ किलोमीटरचे दिवस वाचून फसू नका. रॉस्थवेट ते ग्रासमियर या टप्प्यात ग्रीनअप एज ही ६०८ मीटरची खिंड ओलांडायची असते आणि पलीकडची उतरण दलदलीची आहे. वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथचा नियम वापरा. १८९२ चा हा नियम अजून कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात जेवण, फोटो आणि वाट चुकणं धरलेलं नाही. आम्ही त्या उत्तराला सव्वापट करायचो आणि ते बहुतेक बरोबर यायचं.

चालायचं पश्चिमेकडून पूर्वेकडे. तिथला वारा बहुतांशी पश्चिमेचा, म्हणजे तो आणि त्याच्याबरोबरचा पाऊस पाठीवर येतो. उलट दिशेने येणारे लोक आम्हाला भेटायचे तेव्हा त्यांचे चेहरे लाल झालेले असायचे.

महिना कोणता

मे मधला दुसरा पंधरवडा ते जूनअखेर, किंवा सप्टेंबर. जूनच्या शेवटी तिथे रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. दिवस लांबला, वाट चुकली, तरी अंधाराची भीती नाही, आणि नवख्यासाठी ही सगळ्यात मोठी सोय आहे. शिवाय जूनमध्ये यॉर्कशायर डेल्समधल्या स्वेलडेल खोऱ्याची कुरणं फुललेली असतात. जुलैत गवत कापलं की ती फुलं गेली. मूर्सवरचा जांभळा हेदर बघायचा असेल तर ऑगस्ट गाठावा लागतो, पण तेव्हा शाळांच्या सुट्ट्या असतात आणि खोल्या महाग. दोन्ही एका फेरीत मिळत नाहीत. मला विचाराल तर कुरणं.

खोल्या आधी, विमान नंतर

विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आधी काढून टाकलं तर पुढची सगळी गाडी अडते. या वाटेवरची बरीच गावं वीस-पंचवीस घरांची आहेत. रिचमंड, कर्कबी स्टीवन, ग्रासमियर इथे खोल्या पुष्कळ. पण एनरडेल ब्रिज, पॅटरडेल, केल्ड, डॅनबी विस्क आणि ब्लेकी इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ब्लेकीला तर माळरानाच्या धारेवर जवळजवळ एकटं उभं असलेलं ‘लायन इन’ हे राहायची सोय असलेलं जुनं पब आणि आसपास एखादं घर, एवढंच. ते भरलं की तुमचा तो दिवस कोसळतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी ब्लेकी आणि केल्ड इथे कोणत्या तारखांना जागा आहे ते विचारा. त्या दोन तारखा जुळल्या की त्यांच्यापासून मागे आणि पुढे दिवस मोजत बाकीची गावं भरा. सगळ्यात शेवटी मोठी गावं. हे काम आठ-नऊ महिने आधी करायचं; जूनमध्ये जायचं तर गणपती-नवरात्राच्या सुमारास बसा.

बहुतेक लोक शनिवारी किंवा रविवारी सेंट बीजहून निघतात, आणि ती सगळी लाट रोज एकाच गावात मुक्कामाला असते. तुम्ही मंगळवारी किंवा बुधवारी निघा. दोन लाटांच्या मधल्या मोकळ्या जागेत तुम्ही चालता, खोल्या मिळतात आणि वाटही निवांत असते. फक्त लेक डिस्ट्रिक्टमध्ये शनिवारची एकच रात्र द्यायला काही घरं तयार नसतात, ते बघून घ्या.

राहायची पद्धत म्हणजे मुख्यतः ‘बेड अँड ब्रेकफास्ट’: कुणाच्या तरी घरातली खोली आणि सकाळची भरपेट न्याहारी. दोघांच्या खोलीला रात्रीचे साधारण १०० पौंड आणि त्याहून जास्त धरून चाला. प्रवाशांसाठीची वसतिगृहं स्वस्त पडतात. त्यातलं एनरडेल खोऱ्याच्या टोकाचं ‘ब्लॅक सेल’ हे मेंढपाळांचं जुनं खोपट आहे, तिथवर गाड्यांचा रस्ता जात नाही, आणि तिथे एक रात्र मिळाली तर ती सोडू नका. तंबू लावायचा विचार असेल तर जागामालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकणं या वाटेवर कायद्यात बसत नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेवटच्या दगडी कुंपणाच्या वर, उशिरा लावून पहाटे उचलणाऱ्या तंबूकडे लोक काणाडोळा करतात, पण खाली गावाजवळ तंबूतळावरच राहा.

क्ले बँक टॉप या नावाने फसगत होते. तिथे गाव नाही, डांबरी रस्ता खिंडीतून जातो इतकंच. मुक्काम खाली ग्रेट ब्रॉटन किंवा आसपासच्या गावात, आणि बरेच घरमालक खिंडीत गाडी घेऊन न्यायला येतात. हे बुकिंग करतानाच ठरवून घ्या.

निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येक ठिकाणी पुन्हा एकदा ईमेल टाका. आमची एका गावातली खोली चुकून दुसऱ्या दिवसाच्या नावे लिहिली गेली होती. ईमेल टाकल्यामुळे ते घरबसल्या कळलं आणि शेजारच्या घरात सोय झाली. पावसात दारात उभं राहून कळलं असतं तर काय केलं असतं, मला सांगता येणार नाही.

सामान कोणी वाहायचं

या वाटेवर सामान पोचवणाऱ्या व्हॅन चालतात. शेर्पा व्हॅन आणि पॅकहॉर्स या त्यातल्या जुन्या सेवा. सकाळी नऊच्या आत मोठी पिशवी दाराशी ठेवायची, दुपारी चारपर्यंत ती पुढच्या मुक्कामी पोचलेली असते. दर टप्प्याला पिशवीमागे दहा पौंडांच्या पुढे-मागे पडतात. आपल्याकडे स्वतःचं ओझं स्वतः वाहणं हा मानाचा भाग आहे आणि मलाही तो पटतो, पण सतरा दिवसांसाठी मी व्हॅनच घ्या असं सांगेन. पाठीवर पाच-सहा किलो असेल तर संध्याकाळी पाय गावात फिरायला तयार असतात.

मात्र पाठीवरच्या पिशवीत रोज पुढच्या गोष्टी असायलाच हव्यात: पावसाचं जाकीट आणि वरून चढवायची पाऊस-पँट, एक उबदार थर, लोकरी टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, बॅटरी, शिट्टी, पाणी, दिवसभराचं खाणं आणि एक जादा खाऊ. जून असला तरी.

पाऊस: आपला आणि त्यांचा

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाने या एका बाबतीत आपला अनुभव बाजूला ठेवावा. बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण समजलं जातं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. आकडा ऐकून महाबळेश्वरचा माणूस म्हणेल, आमच्याकडे याहून कितीतरी जास्त. खरं आहे. पण आपला पाऊस कोमट असतो. राजमाचीला जुलैत चिंब भिजून आपण गरम भजी खातो आणि मजेत असतो. तिथे ७०० मीटरवर जूनमध्येही भिजलेल्या अंगावर वारा लागला की बोटं वळेनाशी होतात, बोलताना शब्द अडकतात, आणि ती थंडी धोक्याची असते. पोंचो घरी ठेवा. धारेवरच्या वाऱ्यात तो डोक्यावर उलटतो. शिवणींना पट्टी लावलेलं जाकीट आणि पाऊस-पँट यांवर मात्र खर्च करा. सुती कपडा एकही नको, अगदी आतलाही.

उंचीचे आकडेही असेच फसवे. इंग्लंडचं सगळ्यात उंच शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. या वाटेवरची सगळ्यात उंच जागा, किड्स्टी पाइक, ७८० मीटरच आहे. हेल्वेलिन शिखरावरून जाणारा ९५० मीटरचा पर्यायी मार्ग घेतला तरी हजाराच्या आत. पण चढ समुद्रसपाटीच्या जवळून सुरू होतात आणि वर झाड नाही, आडोसा नाही. ढग उतरला की दहा पावलांवरची वाट दिसत नाही. हेल्वेलिनला स्ट्रायडिंग एज या अरुंद धारेवरून जाण्याचा मोह होतो. वारा असेल तर सरळ ग्राइजडेल टार्न या तळ्याच्या खालच्या वाटेने पॅटरडेल गाठा. आम्ही तेच केलं आणि तो दिवसही सुंदरच होता.

रोज सकाळी ब्रिटिश हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज बघायचा, शहराचा नव्हे.

पाय

बूट नवे घेतले तर निघण्यापूर्वी त्यातून किमान १५० किलोमीटर चाला. सराव सलग दिवसांचा हवा: शनिवारी कात्रज ते सिंहगड, रविवारी सकाळी पुन्हा सिंहगड. दुसऱ्या दिवशी पाय कसे वागतात ते कळणं हाच या सरावाचा उद्देश.

बूट घोट्यापर्यंतचे, जलरोधक, आणि अर्ध्या मापाने मोठे. लोकरीचे मोजे तीन जोड. गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीवर चढवायचं आवरण, आपल्याकडे फारसं कोणी वापरत नाही. तिथे कर्कबी स्टीवनच्या पुढे नाइन स्टँडर्ड्सच्या दलदलीत त्याचं मोल कळतं. टाच गरम वाटली की तिथेच थांबून पट्टी लावायची, पुढच्या वळणावर नाही. मी तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं आळस केला आणि तो फोड शॅपपर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

बूट भिजणारच. मुक्कामी पोचल्यावर घरमालकिणीकडे जुनं वर्तमानपत्र मागायचं, बुटाची आतली चकती काढून वेगळी ठेवायची, आणि कागदाचे सैल बोळे पंजापर्यंत कोंबायचे. तासाभराने हात घातला की कागद ओला लागतो. तो काढून दुसरा भरायचा. झोपण्यापूर्वी तिसरा. सकाळी बूट कोरडा नसतो, पण घालण्याजोगा असतो. हीटरवर ठेवू नका; चामडं तडकतं आणि तळ सुटतो.

नकाशा आणि त्यावरचे शब्द

मोबाइलवर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचं ॲप घ्या, सगळे नकाशे घरूनच उतरवून ठेवा आणि शिवाय कागदी पट्टी-नकाशा जवळ बाळगा. एनरडेल, केल्ड अशा खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. १:२५,००० या प्रमाणाच्या नकाशावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालायचा कायदेशीर हक्क असलेल्या वाटा. हा हक्क ही तिथली मोठी ठेव आहे. वाट कुणाच्या शेतातून, कधी कुणाच्या अंगणातूनही जाते आणि मालक तुम्हाला अडवू शकत नाही. खांबावर पिवळा बाण असेल तर पायवाट, निळा असेल तर घोडेवाट. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की फाटक जसं होतं तसं ठेवा आणि वाट सोडू नका.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये या वाटेच्या खुणा पूर्वीपासून विरळ आहेत, तेव्हा तिथे नकाशा हातात हवा. उत्तर इंग्लंडचे शब्द एकदा समजले की नकाशा बोलू लागतो. त्यातले बरेच वायकिंग लोकांनी आणलेले. फेल म्हणजे डोंगर, बेक म्हणजे ओढा, टार्न म्हणजे डोंगरातलं तळं, गिल म्हणजे घळ, हॉज म्हणजे खिंड, रिग म्हणजे धार, डेल म्हणजे खोरं. ‘थवेट’ शेवटी आलं की ते झाडं तोडून मोकळी केलेली जमीन. आपण सोंड, नाळ, माची, पदर म्हणतो तसंच हे.

वाटेवर कुठे काय सांभाळायचं

पहिल्या दिवशी गोंधळ होतो, कारण पूर्वेला जायचं असताना वाट आधी उत्तरेला कड्यावरून जाते. उजवीकडे शेतं, डावीकडे समुद्र आणि खाली कपारींत समुद्रपक्ष्यांची वस्ती. घाई करू नका, पण दिवस मोठा आहे आणि शेवटी डेंट हा ३५३ मीटरचा डोंगर उभा आहे, म्हणून निघायला उशीरही करू नका.

पॅटरडेल ते शॅप हा सगळ्यात कठीण दिवस. किड्स्टी पाइकवरून तीव्र उतार उतरून हॉजवॉटर जलाशयाशी आलात की वाटतं संपलं. पण त्याच्या काठाची वाट मैलोन् मैल वर-खाली होत राहते. मँचेस्टरला पाणी द्यायला १९३० च्या दशकात हे धरण बांधलं आणि मार्डेल गाव त्याखाली गेलं. पाणी आटलं की जुन्या भिंती वर दिसतात. पळसदेवचं देऊळ उजनीच्या पाण्यातून वर आलेलं पाहिलं असेल त्याला ते दृश्य ओळखीचं वाटेल.

शॅप सोडताना एम-६ महामार्गावरचा पादचारी पूल ओलांडला की डोंगर मागे राहतात आणि चुनखडीचा माळ लागतो. इथे दगडांमधल्या भेगांत पाय अडकतो, म्हणून खाली बघत चाला.

कर्कबी स्टीवनच्या पुढे ६६२ मीटरवर नाइन स्टँडर्ड्स हे माणसापेक्षा उंच असे नऊ दगडी बुरुज ओळीने उभे आहेत. ही पाणी दोन दिशांना वाटणारी धार: अलीकडे पडलेला थेंब आयरिश समुद्राला जातो, पलीकडचा स्वेल नदीतून पुढे नॉर्थ सीला. पलीकडची पीटची, म्हणजे कुजलेल्या शेवाळाची काळी जमीन पायांनी फाटते, म्हणून ऋतूप्रमाणे लाल, निळी आणि हिरवी अशा तीन वाटा ठरवल्या आहेत. तिथला फलक जी वाट सांगेल तीच घ्यायची. काठी पुढे टेकवून बघायची. हिरवीगार, मऊ दिसणारी जागा सगळ्यात खोल.

केल्डला निम्मी वाट झालेली असते. रीथपर्यंत दोन मार्ग आहेत: वरून शिशाच्या जुन्या खाणींमधून, किंवा खालून नदीकाठच्या कुरणांतून. जूनमध्ये खालचा घ्या. म्यूकर गावच्या कुरणांत एकेरी ओळीनेच चालायचं असतं, कारण ते गवत शेतकऱ्याचं हिवाळ्याचं वैरण आहे. दोन हातांवर पिवळी, पांढरी, जांभळी फुलं, दगडी कुंपणातून जायला इतकी अरुंद फट की पिशवी आडवी करावी लागते, आणि प्रत्येक शेतात एक दगडी गोठा. आम्ही त्या चार किलोमीटरला तीन तास लावले.

रिचमंडनंतरचा सपाट भाग बरेच जण कंटाळवाणा म्हणून एका दिवसात उरकतात. ३७ किलोमीटर एका दिवसात चालून पुढच्या दिवशी क्लीव्हलंडच्या टेकड्यांचे चढ चढणं मला पटत नाही. डॅनबी विस्कला थांबा. याच भागात गाई जास्त भेटतात. वासरं बरोबर असतील तर त्यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. इंगलबीजवळ ए-१९ हा चौपदरी वेगवान रस्ता आडवा येतो. तिथे कितीही वेळ लागला तरी दोन्ही बाजू मोकळ्या होईपर्यंत थांबा.

मूर्सवर ब्लेकीच्या पुढे रस्त्याकडेला फॅट बेटी हा पांढऱ्या रंगाचा बुटका दगडी क्रॉस आहे. येणारे-जाणारे तिथे काही खाऊ ठेवतात आणि दुसऱ्याने ठेवलेला एखादा उचलतात. आम्ही लोणावळ्याच्या चिक्कीचं पाकीट ठेवलं आणि कुणीतरी ठेवलेलं ओटचं बिस्कीट घेतलं. रात्री ग्रॉसमॉन्टच्या पबमध्ये दोन म्हातारे चालकरी ती चिक्की कशाची होती याची चर्चा करत होते. आम्ही शेंगदाणा आणि गूळ समजावून सांगितला.

हेदरमधून चाललात की रात्री पोटऱ्या, गुडघ्यामागची घडी तपासून गोचीड बघा. ती लाइम आजार पसरवते. नंतर अंगावर गोल लालसर चट्टा आला तर डॉक्टरकडे जा.

खाणं

शाकाहारी माणसाचं तिथे अडत नाही. न्याहारीला अंडी, मशरूम, बीन्स, टोस्ट, लापशी. पबमध्ये एक-दोन शाकाहारी पदार्थ असतातच. अंडीही चालत नसतील तर बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहा. पबचं स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होतं. एनरडेल, पॅटरडेल, केल्ड या बाजूला दुकानांचा भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्री घरमालकाला दुपारचा डबा सांगून ठेवा. नळाचं पाणी प्यायचं. ओढ्याचं नको, वर मेंढ्या असतात.

घरून नेताना: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरी ठेवा. चिक्की, भाजके शेंगदाणे, खजूर चालतात, आणि चढावर त्यांच्यासारखं काही नाही.

कागदपत्रं आणि प्रवास

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा शेंजेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही, वेगळा पर्यटक व्हिसा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. अर्जाला रोजच्या मुक्कामांची यादी जोडा. याच कारणाने रद्द करता येणाऱ्या खोल्या घेणं बरं. प्रवासविम्यात १,००० मीटर उंचीपर्यंतचं डोंगरात चालणं स्पष्ट लिहिलेलं हवं.

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून कार्लाइल, तिथून किनाऱ्याच्या गाडीने सेंट बीज. रविवारी या गाड्या कमी असतात. तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. भारतातून पोचल्या दिवशी थेट सेंट बीज गाठून दुसऱ्या सकाळी चालायला लागू नका. मध्ये एक रात्र झोप काढा.

ब्रिटिश सिम घ्या आणि त्यावरून ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ ला एसएमएस करून नोंदणी करून ठेवा. मग फोन लागत नसेल तिथूनही एसएमएसने मदत मागता येते. डोंगरात अपघात झाला तर ९९९ वर आधी पोलीस मागायचे आणि मग त्यांना ‘माउंटन रेस्क्यू’ सांगायचं. हे लोक स्वयंसेवक असतात आणि मदतीचे पैसे घेत नाहीत. रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

शेवटचा दिवस

ग्रॉसमॉन्टहून निघताना गावाबाहेरच तीव्र चढ लागतो, मग माळ, मग लिटलबेकच्या झाडीत फॉलिंग फॉस हा धबधबा. हॉस्करनंतर समुद्र दिसतो, पण गाव लगेच येत नाही. कड्याकडेने अजून तासभर चालायचं असतं. रॉबिन हूड्स बेची उतरंडीची गल्ली थेट पाण्यात जाते. भरतीच्या वेळी लाटा गल्लीच्या तोंडाशी येतात, ओहोटीला मात्र खडकांवरून बरंच पुढे जावं लागतं, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. बूट भिजवून झाले की ‘बे हॉटेल’मधल्या वहीत नाव लिहायचं.

त्या रात्री तिथेच राहा, आणि ही खोलीही वेळेत घ्या. गावात रेल्वे १९६५ पासून नाही. सकाळी वरच्या रस्त्यावरून स्कारबराची बस मिळते, तिथून यॉर्क आणि मग लंडन. बसथांबा गल्लीच्या डोक्याशी आहे आणि चढ खडा आहे, तेव्हा मोठी पिशवी घेऊन वीस मिनिटं आधी निघा.